शेतकऱ्यांवर फोटोमालिका: एकच घर धरायचं की गावोगाव फिरायचं?

कॅमेरा कोणता घ्यायचा हे नंतर पाहू. एकाच कुटुंबाकडे वर्षभर जायचं की अनेक गावं पालथी घालायची, हे आधी ठरवा.

विषय एखाद्या कामाचा असेल तर फिरा. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत कष्टकरी बायकांचे फोटो काढले. शेतात वाकलेली एक बाई म्हणजे नुसता एक फोटो. राज्याराज्यांतल्या अशा बायका शेजारी-शेजारी लागल्या की कुणाचं आयुष्य वाकून जातं, याचा तो पुरावा होतो. एका घरात बसून हे हाती लागत नाही.

पण फिरतीत माणूस हातातून निसटतो. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी एका आईचे मोजके फोटो घेतले. नाव विचारलं नाही. फोटो जगभर गेला. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळलं थेट १९७८ मध्ये. फोटो कितीही थोर असो, मला हे फार लागतं.

१९३६च्याच उन्हाळ्यात छायाचित्रकार वॉकर एव्हन्स, लेखक जेम्स एजी यांच्याबरोबर अमेरिकेतल्या अलाबामात वाट्याने कापूस करणाऱ्या तीन कुटुंबांकडे गेले. तिथे स्वयंपाकघराचा कोपरा आणि कामाचे बूट हेसुद्धा फोटोचे विषय झाले. घरात वावर असल्याशिवाय तिकडे नजर जात नाही.

आपल्याकडे बीडचं ऊसतोड कुटुंब घ्या. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन नवरा-बायको (जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात) दिवाळीच्या आसपास कारखान्याकडे निघतात. जानेवारीत नुसतं गाव गाठलंत तर म्हातारी माणसं आणि कुलूप लावलेली दारं दिसतील. नुसत्या उसाच्या फडात गेलात तर डोक्यावरच्या मोळ्या. फडाजवळच्या कोपीतली, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतली, चूल आणि गावातलं बंद दार एकाच घराचं आहे, हे दाखवायला त्या कुटुंबाबरोबर दोन्हीकडे जावं लागतं.

नोकरी सांभाळून पहिलंच काम करत असाल, तर माझं मत स्पष्ट आहे: एसटीनं जाऊन-येऊन होईल असं एकच घर धरा. त्यात एक जोखीम आहे. घरातलं कर्ज, आजारपण, भांडण सगळं तुमच्यासमोर घडेल आणि कॅमेरा गळ्यातच असेल. म्हणून दर खेपेला मागचे फोटो छापून न्या, घरातल्या बायकांनाही दाखवा. त्या जो नको म्हणून बाजूला काढतील तो मालिकेत घेऊ नका.