सोनारक्यूब: सहा महिने वापरल्यावर लिहितोय

आमच्याकडे सोनारक्यूब, म्हणजे कोड आपोआप तपासून त्यातल्या चुका आणि गचाळपणा दाखवणारं टूल, सहा महिने झाले चालू आहे, फुकटातलं कम्युनिटी व्हर्जन. टाकावं का असं बरेच जण विचारतात म्हणून जरा सविस्तर.

एक जुना जावा प्रोजेक्ट आमच्या गळ्यात पडला होता, साधारण एक लाख ओळी, लिहिणारे कधीच सोडून गेलेले. कोड घाण आहे हे टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं पण घाण म्हणजे नक्की काय ते मॅनेजरला पटवता येईना, कुणी म्हणे मेथड (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) लांबलचक आहेत, कुणी म्हणे व्हेरिएबलची नावं कळत नाहीत, माझं म्हणणं असायचं की एकीकडे हात लावला की तिसरीकडेच काहीतरी मोडतं. सोनारने पहिल्याच स्कॅनमध्ये बोट ठेवून दाखवलं. रिकामे कॅच ब्लॉक, म्हणजे एरर येऊन गेली तरी कुणाला पत्ता नाही, कॉमेंट करून तसाच ठेवलेला कोड, आणि कॉपी-पेस्ट तर विचारू नका.

मला सगळ्यात आवडली ती कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे कोड समजायला किती अवघड आहे त्याचा आकडा. मॅककेबची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी १९७६ पासून आहे, पण ती कोडमधून जायच्या नुसत्या वाटा मोजते, त्यामुळे दहा केसचा साधा सरळ स्विचसुद्धा (दहा पर्यायांतून एक निवडणारा कोड) तिच्या हिशोबात अवघड ठरतो. सोनारची मोजणी वाचणाऱ्याच्या डोक्याला किती ताप होतो ते बघते. अख्ख्या स्विचला १ पॉइंट, पण इफच्या (अटीच्या) पोटात फॉर (लूप) आणि त्याच्या पोटात परत इफ असेल तर १, मग २, मग ३, झाले ६. एका मेथडला मर्यादा १५ ची. आमची एक मेथड १५० च्या पुढे गेली होती, कुठला कंस कुठे बंद होतोय ते बघायला मी स्क्रीनवर बोट ठेवून खाली खाली जायचो. तो आकडा मीटिंगमध्ये दाखवला आणि पहिल्यांदा रिफॅक्टरिंगसाठी, म्हणजे काम तेच ठेवून कोड नीट लिहायला, दोन आठवडे मिळाले.

पण मेंटेनेबिलिटीला (कोड सांभाळायला किती सोपा) ए रेटिंग आलं म्हणून निवांत बसू नका. टूल असं धरून चालतं की एक ओळ लिहायला ३० मिनिटं लागतात, आणि दुरुस्तीचा अंदाजे वेळ त्या एकूण वेळेच्या ५% च्या आत असेल तर ए देतं. एक लाख ओळींचे होतात ५० हजार तास, म्हणजे २५०० तासांची दुरुस्ती थकलेली असली तरी ए च! रोजचे आठ तास धरले तर एका माणसाचं ३०० दिवसांवर काम. मी ते रेटिंग बघणं सोडलंय, फक्त नव्या कोडचं क्वालिटी गेट, म्हणजे पास-नापासची अट, बघतो, त्यात डिफॉल्टला टेस्ट कव्हरेज (टेस्टमध्ये चालून गेलेला कोड) ८०% लागतं आणि डुप्लिकेशन ३% च्या आत. हे मनापासून आवडलं, सगळं जुनं उपसत बसायला लागत नाही.

आता नावांचं. गेटबॅलन्स (getBalance) म्हणून एक मेथड होती, १२ ओळींची, स्वच्छ, सोनारचा एकही इश्यू नाही. नाव वाचून कुणालाही वाटेल शिल्लक सांगते, पण ती आतल्या आत व्याज लावून रक्कम सेव्हसुद्धा करत होती. आमच्यातल्याच एकाने रिपोर्टसाठी ती अजून एकदा कॉल केली, म्हणजे व्याज दोनदा लागणार. रिव्ह्यूमध्ये सिनियर मॅडमनी दोन मिनिटांत पकडलं, म्हणाल्या, "अरे गेट (get) आहे ना हे, मग आत सेव्ह कशाला करतंय?" टूलला हे दिसणार कसं, त्याला कोडचा आकार दिसतो, नाव खोटं बोलतंय की खरं ते माणसालाच वाचून कळतं.

सेटअप सोपा आहे, डॉकरवर (सॉफ्टवेअर तयार पॅकेजमधून चालवायची सोय) अर्ध्या तासात चढतं, फक्त आतला एच२ डेटाबेस ट्राय करण्यापुरताच आहे, रोज वापरायचं तर पोस्टग्रेस डेटाबेस जोडा. पुल रिक्वेस्टचं (मुख्य कोडमध्ये घ्यायला पाठवलेल्या बदलाचं) ॲनालिसिस या फुकटच्या व्हर्जनमध्ये मिळत नाही, त्याला पैसे भरावे लागतात, आम्ही अजून भरलेले नाहीत.

सध्या आमचा नियम असा की क्वालिटी गेट लाल (नापास) असेल तर रिव्ह्यूला पाठवायचंच नाही. त्यामुळे मॅडमचा वेळ कंस आणि कॉपी-पेस्ट शोधण्यात जात नाही, त्या थेट नावं वाचायला घेतात.