अथेन्सचे दोन दगड: हर्म आणि स्मृतिशिला

हर्म म्हणजे चौकोनी खांब: वर हर्मिस देवाचं दाढीवालं डोकं, मध्ये लिंग, बाकी सपाट. दाराशी, चौकात राखणीला उभा. इ.स.पू. ४१५ मध्ये, सिसिली बेटावरच्या लष्करी मोहिमेच्या तोंडावर, एका रात्रीत शहरभरच्या हर्मांची तोंडं फोडली गेली आणि अथेन्स हादरलं. संशय सेनापती अल्किबियाडीसवरही गेला. गोष्ट म्हणून हर्म भारीच.

कारागिरीत मात्र मी स्मृतिशिलेला, म्हणजे थडग्यावरच्या कोरीव दगडाला, झुकतं माप देईन. अथेन्सच्या केरामेइकोस दफनभूमीतली हेगेसो नावाच्या बाईची शिला पाहा: ती खुर्चीत बसलेली, समोर डबी धरलेली दासी. हेगेसोच्या चिमटीतला दागिना नुसता रंगवलेला होता. रंग उडाला, चिमूट तेवढी उरली. मूळ शिला आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, जागेवर प्रतिकृती.