बिवा तळ्याकाठची देवळं: टूरच्या बसने की आपलं आपण?

साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलोऱ्याच्या दिवसांत पुण्याहून कुणी ना कुणी येतंच, आणि क्योतोची देवळं पाहून झाली की प्रश्न ठरलेला असतो: "ते तळ्यात तोरी, म्हणजे शिंतो देवळाची कमान, उभी असलेलं देऊळ आणि ते सरस्वतीचं बेट एका दिवसात होतं का? टूर घेऊ की रेल्वेने जाऊ?" फोनवर तेच तेच सांगून आता मला पाठ झालंय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

दोन्ही प्रकार मी एकाच एप्रिलमध्ये केले, दहा-बारा दिवसांच्या अंतराने. पहिल्यांदा आई, बाबा आणि मी, क्योतो स्टेशनवरून सुटणाऱ्या गाइडवाल्या बसने. दुसऱ्यांदा फक्त आई आणि मी, रेल्वे आणि बोटीने. माझ्याकडे मोजमाप आहे ते एवढंच, दोन दिवसांचं. तुमच्या वाट्याला वेगळा गाइड आणि वेगळी हवा येऊ शकते, हे धरून वाचा.

क्योतोजवळच्या बिवाला तळं म्हणायचं ते सवयीने. जवळजवळ ६७० चौरस किलोमीटर पाणी आहे. बसमधून पहिल्यांदा दिसलं तेव्हा बाबांनी विचारलं, "इथे भरती किती वाजता असते?"

एका दिवसाच्या फेरीत बहुतेक टूर तीन ठिकाणं घेतात: पश्चिम काठावर काताताचं उकिमिदो, ताकाशिमाजवळचं शिराहिगे देवस्थान आणि चिकुबुशिमा बेट. काही टूरवाले त्यातच हिएइ डोंगरावरचं एन्र्याकुजी कोंबतात. तसं असेल तर मी म्हणेन ती टूर घेऊच नका. ७८८ साली साइचो या भिक्षूने स्थापलेलं, तीन वेगवेगळ्या भागांत डोंगरभर पसरलेलं ते बौद्ध पीठ आहे. पन्नास मिनिटांत त्याचं फक्त पार्किंग नीट बघून होतं.

आधी बसच्या पारड्यात जे टाकायला हवं ते टाकतो. शिराहिगेला बसला तोड नाही. पाण्यातली लाल तोरी तुम्ही फोटोत पाहिलीच असेल. फोटोत जे दिसत नाही ते असं, की देऊळ आणि तोरी यांच्या मधून १६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो. देवळाच्या आवारातून बाहेर पडलं की चार पावलांवर ट्रक. फोटोसाठी रस्ता पळत ओलांडणारे पाहुणे हे तिथलं जुनं दुखणं आहे. ओलांडू नका म्हणून फलक लावलेत आणि फोटो काढायला देवळाच्या बाजूलाच एक उंच ओटा बांधलाय. बस थेट आवारात नेऊन सोडते. रेल्वेने गेलात तर ओमि-ताकाशिमा स्टेशनवरून पाऊणएक तास चालायचं, त्यातलं बरंचसं त्याच महामार्गाच्या कडेने. वयस्कर माणसांना तसं चालवायला माझं मन धजणार नाही. टॅक्सी मिळते, पण ती स्टेशनबाहेर वाट पाहत उभी असेलच असं धरून चालू नका.

उकिमिदोला दोन्ही प्रकारांत फारसा फरक पडत नाही. पाण्यात खांबांवर उभा केलेला लहानसा मंडप, आत अमिदा बुद्धाच्या हजार छोट्या मूर्ती. मूळचा १९३४ च्या वादळात गेला आणि १९३७ मध्ये पुन्हा बांधला. छान आहे. वीस मिनिटं पुरतात.

बसची दुसरी जमेची बाजू म्हणजे खुद्द गाइडबाई. साठीच्या, बारीक आवाजाच्या, आणि विषयाची खरी जाण असलेल्या. चिकुबुशिमा हे जेमतेम दोन किलोमीटर घेराचं बेट. रात्री तिथे कुणी राहत नाही, पुजारी आणि दुकानदारसुद्धा बोटीने ये-जा करतात. एवढ्याशा जागेत बौद्ध होगोन्जी आणि शिंतो (जपानचा मूळचा धर्म) त्सुकुबुसुमा ही दोन देवस्थानं, एका लाकडी ओसरीने जोडलेली. असं का, हे त्यांनी बसमध्ये इतकं सोपं करून सांगितलं की बाबा खिडकी सोडून ऐकत बसले. १८६८ मध्ये मेइजी सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करा असा हुकूम काढला. तोवर दोघे एकाच छपराखाली नांदत होते. वाटणीत मुख्य इमारत देवस्थानाकडे गेली आणि बेन्झाइतेन देवीला स्वतःचं घर उरलं नाही. तिचं आत्ताचं देऊळ उभं राहिलं थेट १९४२ मध्ये. आपल्याकडच्या भाऊबंदकीत घर एकाला आणि देव्हारा दुसऱ्याला जातो, तशातलाच प्रकार.

मग त्या म्हणाल्या की बेन्झाइतेन ही मूळची भारतातली सरस्वती, आणि सगळी बस मागे वळून आमच्याकडे बघायला लागली. आईने उगाचच पदर सावरला. हे सुख रेल्वेत मिळत नाही, कबूल.

आता ज्यामुळे माझं ठरलं ती गोष्ट. ऐकायला क्षुल्लक वाटेल.

बसमध्ये चढतानाच प्रत्येकाच्या गळ्यात एक डबी अडकवतात आणि तिची वायर कानात. गाइड पन्नास पावलं पुढे असली तरी आवाज थेट कानात येतो. सोय चांगली आहे, नाही कोण म्हणतो? पण बेटाचा सगळा हिशेब बोटीवर चालतो. तुम्हाला आणून सोडणारी बोट आणि परत नेणारी बोट यांच्यात सव्वा तासाच्या आसपास वेळ मिळतो, आणि तो सगळ्यांना सारखाच, कारण टूरवाले आणि सुटे प्रवासी एकाच बोटीने येतात. आमच्या त्या सव्वा तासातली पहिली बारा मिनिटं धक्क्यावर डोकी मोजण्यात आणि रांगेत उभं राहून फोटो काढण्यात गेली. शेवटची पंधरा लवकर गोळा होण्यात. मधल्या वेळात १६५ पायऱ्या, आणि त्या चांगल्या उभ्या आहेत. बाबांनी त्या सगळ्यांच्या वेगाने चढल्या, कारण मागे राहिलो तर लोकांना थांबावं लागेल हा त्यांचा स्वभाव. दुसऱ्यांदा ते आले नाहीत ते या गुडघ्यांपायी.

वर देवळात आई देवीसमोर उभी राहिली. मूळ मूर्ती ६० वर्षांतून एकदा उघडतात, आपल्याला दिसते ती पुढची. आईने हात जोडले, डोळे मिटले आणि 'या कुन्देन्दु' सुरू केलं. दुसऱ्या ओळीपर्यंत आली असेल, तेवढ्यात कानात: "प्रसाधनगृह खाली धक्क्याजवळ आहे, वर नाही. आपल्याकडे एकोणीस मिनिटं आहेत." आईने डोळे उघडले. वायर काढावी तर पुढची सूचना चुकेल ही धास्ती. तिने तशीच पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा आवाज आला, या वेळी कुणाची तरी छत्री सापडली होती.

गाइडबाईंची यात काहीच चूक नाही. चाळीस माणसं बोटीत परत घालायची म्हटल्यावर कुणीही हेच करेल. पण परतताना बसमध्ये आई एवढंच म्हणाली, "देवीपुढे उभी होते, पण लक्ष सगळं कानात."

जेवणाचंही एक सांगून टाकतो. टूरचं जेवण आधी ठरलेलं असतं, आणि ओमि (या भागाचं जुनं नाव) म्हटलं की गोमांस आणि तळ्यातले मासे. आम्ही शाकाहारी लिहून दिलं होतं. आलंही शाकाहारी, फक्त रस्सा दाशीचा, म्हणजे माशाच्या अर्काचा. आईला मी ते सांगितलं नाही, भात आणि लोणचं तिच्याकडे सरकवलं.

आता दुसरी फेरी. क्योतोहून तळ्याच्या पश्चिम काठाने जाणाऱ्या कोसेइ मार्गाची जलद गाडी घ्यायची, तासाभरात ओमि-इमाझु, स्टेशनवरून धक्का पाच मिनिटांवर, आणि बोटीने अर्ध्या तासाच्या आत बेट. आईला मी ऐटीत सांगितलं होतं, "उजव्या बाजूला बस, बोगदा संपला की तळं दिसेल." बोगदा संपला. तळं आलं नाही. घरं आली, कारखाने आले, भातखाचरं आली. "उजवीकडेच म्हणाला होतास ना?" आईने अगदी शांतपणे विचारलं. मग डोक्यात प्रकाश पडला. सकाळच्या काही 'त्सुरुगा' पाटीच्या गाड्या कोसेइवरून जातात, तर काही माइबारावरून, म्हणजे तळ्याच्या पूर्वेकडून. पाटीवर शेवटचं नाव तेच, मधला रस्ता उलटा. मी नाव वाचलं, बाण नाही. तीन वर्षं या देशात काढून माझी ही हुशारी.

गंमत अशी की काही बिघडलं नाही. ती गाडी नागाहामाला गेली, आणि नागाहामाहूनही चिकुबुशिमाची बोट सुटते, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या चालीवर. म्हणजे चुकून का होईना, आम्ही बेटावर दुसऱ्या काठाने पोचलो. चुकीच्या बसमध्ये बसलो असतो तर टूरने परत घ्यायला गाडी पाठवली नसती, हेही खरंच.

बेटावर तोच सव्वा तास, त्याच १६५ पायऱ्या. आई दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर थांबली, मागे वळून पाणी बघितलं, पुन्हा निघाली. वरच्या देवळात एका फळीवर जपानी काना अक्षरांत काही लिहिलं होतं. मी मोठ्याने लावत गेलो: "ओन् सोरासोबातेइएइ सोवाका." आई म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. "अरे, ॐ सरस्वत्यै स्वाहा!" मग तिने ते जपानी उच्चारात तीनदा म्हणून पाहिलं आणि स्वतःशीच हसली. पलीकडे मेणबत्ती लावणाऱ्या एका आजींनी मान हलवून तिला दाद दिली. मग आईने 'या कुन्देन्दु' पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. नंतर मूर्तीकडे पाहत विचारलं, "हिला आठ हात आहेत, तलवार आहे, धनुष्य आहे. वीणा कुठंय?" मी बोटाने खालचं पाणी दाखवलं. बिवा हे वीणेसारखं एक वाद्य, आणि तळ्याच्या आकारावरून त्याला तेच नाव पडलं असं सांगतात. हे उत्तर गाइडबाईंचंच, मी उसनं वापरलं.

खाली उतरताना कारामोन दरवाजा लागतो. ओसाकात सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी याचा किल्ला होता, त्याच्या पुलाचा हा भाग १६०२ मध्ये इथे आणला असं मानतात. किल्ला १६१५ मध्ये जळाला, हा तुकडा बेटावर होता म्हणून वाचला. पुढची लाकडी ओसरी हिदेयोशीच्या जहाजाच्या लाकडाची, असं तिथे सांगतात. पहिल्या खेपेला आम्ही इथून अक्षरशः धावलो होतो. या वेळी आई तिथे टेकून दोन मिनिटं बसली.

ओसरीच्या टोकाला देवस्थान आणि त्याच्या समोर पाण्याकडे तोंड करून एक छोटी जागा. तिथे मातीच्या दोन पणतीएवढ्या ताटल्या विकत घ्यायच्या, एकीवर नाव, दुसरीवर इच्छा लिहायची आणि खालच्या तोरीतून पार जाईल अशा फेकायच्या. टूरमध्ये ही जागा आम्हाला लांबूनच दाखवली होती. आईने नावाची ताटली फेकली ती अलीकडेच पडली, तिथे आधीच पांढऱ्या ठिकऱ्यांचा खच आहे. इच्छेची वाऱ्यावर तरंगली आणि तोरीतून सरळ गेली. काय लिहिलं होतंस, हे मी विचारलं नाही. देवनागरीत होतं एवढं दिसलं.

जेवण आम्ही धक्क्याजवळच्या बाकावर केलं, घरून आणलेले धपाटे आणि दाण्याची चटणी.

आपलं आपण जाण्यातले धोकेही सांगायला हवेत. पहिला वारा. कोसेइ मार्ग हिरा डोंगरांच्या पायथ्याने जातो आणि डोंगरावरून सुटणारा वारा जोर धरला की गाड्या थांबवतात, विशेषतः थंडीत आणि मार्चच्या शेवटी. बोटीही बंद राहतात. सकाळी निघण्याआधी दोन्हींची खबर घ्या. टूरमध्ये ही काळजी दुसऱ्याची असते. दुसरं, हिवाळ्यात बोटी कमी होतात, आणि एक चुकली तर पुढचा बेत कोलमडतो. तिसरं, जपानी वाचता येत नसेल तर १८६८ ची ती वाटणी तुम्हाला ओसरीतून चालताना कळणार नाही, म्हणून निघण्याआधी थोडं वाचून जा. पैशांचं म्हणाल तर आमच्या वेळी एका माणसाच्या टूरच्या पैशांत दोघांची रेल्वे, बोट आणि बेटावरचं तिकीट निघून वर कॉफीपुरते उरले.

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे, जपानीचा गंध नाही आणि तोरीचा फोटो हवाच आहे, त्यांनी बस घेतली तर मी वाकडं म्हणणार नाही. फक्त बुक करण्याआधी विचारा, बेटावर मोकळा वेळ किती आणि कानातलं काढून फिरता येतं का. आईवडील बरोबर असतील आणि बेट हेच मुख्य असेल, तर मी शिराहिगे त्या दिवशी सोडून देईन, किंवा परतताना ओमि-ताकाशिमाला उतरून टॅक्सी मागवेन. आणि जमलं तर इमाझुने जाऊन नागाहामाने परत या. तळं आडवं पार करता येतं, शिवाय नागाहामात काचकामाच्या दुकानांची जुनी गल्ली आहे, संध्याकाळची गाडी येईपर्यंत बरी.

पुढच्या एप्रिलला आई पुन्हा येतेय, या वेळी मावशीला घेऊन. बाबांनी गुडघ्यांचं कारण पुढे केलंय, पण परवा फोनवर विचारत होते, नागाहामाच्या धक्क्यावर बसायला बाकं आहेत का. आहेत, चार-पाच आहेत, पाण्याकडे तोंड करून.