कौलारू घरात नऊ महिने इन्फ्रारेड हीटर

गोव्यात हीटर कशाला, असं दुकानदारानेही विचारलं. पणजीत राहणाऱ्याने विचारलं तर चूक नाही. आमचं घर मात्र सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. मागे कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, त्याला लागून ओहोळ. जानेवारीत पहाटे पडवीतल्या थर्मामीटरवर मी १५ अंश पाहिलेत. दिल्लीवाले हसतील, पण चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं आणि ७८ वर्षांच्या सासूबाईंचे गुडघे एकत्र आले की १५ अंश पुरे होतात.

डिसेंबरात घेतला तो साधा क्वार्ट्झचा इन्फ्रारेड हीटर: ४०० वॅटचे दोन रॉड, मागे चकचकीत पत्रा, पुढे जाळी. दीड हजाराच्या आत मिळाला. त्याआधी नणंदेने बेळगावहून तिचा तेलाचा हीटर आणून दिला होता. २००० वॅटचा, चांगला धिप्पाड. तिच्या स्लॅबच्या घरात, दारं-खिडक्या लावून घेतल्या की तो मस्त चालतो. आमच्याकडे दोन तास लावला तरी सासूबाईंची शाल काही उतरेना. तो हवा तापवतो, तापलेली हवा वर जाते, आणि वर तर कौलांच्या फटी. आम्ही पैसे भरून सत्तरीचं आभाळ तापवत होतो.

क्वार्ट्झवाला हवेच्या नादाला फारसा लागत नाही. रॉडमधली तार लाल होते आणि तिची ऊब सरळ समोरच्याच्या अंगावर येते, हिवाच्या दिवसांत अंगणात कोवळं ऊन खावं तशी. बटण दाबल्यावर मिनिटभर थांबायचं, बस्स. हवा गारच राहते आणि खुर्ची हातभर बाजूला सरकली की ऊब संपली. म्हणजे हा खोलीचा हीटर नव्हेच, एका माणसाचा. आम्ही सगळे पानावर बसलो की हीटरचं तोंड कुणाकडे यावरून रोज कुरबुर. ‘कमी वीज, जास्त उष्णता’ असं खोक्यावर छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. ८०० वॅटचा कुठलाही हीटर उष्णता ८०० वॅटचीच देतो; ती माणसाला लागते की कौलांतून जाते, एवढाच फरक.

विजेचं म्हणाल तर सकाळी तासभर आणि रात्री दीड तास, एकाच रॉडवर, म्हणजे दिवसाला एक युनिट. बिलाने कुणी दचकलं नाही. गोची व्होल्टेजची. संध्याकाळी आमच्याकडे ते २०० वर येतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी २०० मिळाले तर ऊब पाऊणच. मग दुसरा रॉड लावावा लागतो. एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नका. आमचा स्वस्तातला बोर्ड पहिल्याच महिन्यात वितळला, वासावरून कळलं म्हणून बरं.

शेजारच्या काकी येऊन म्हणाल्या, “किरणं सोडतो म्हणे गे हा! आणि खोलीतला ऑक्सिजन पण खातो.” १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यात, तांबड्या रंगाच्याही पलीकडे थर्मामीटर ठेवला आणि पारा चढला. हीच ती इन्फ्रारेड किरणं. काकी जन्मभर चुलीपुढे बसून तीच अंगावर घेत आल्या आहेत. आणि इथे काही जळतच नाही, तर ऑक्सिजन कोण खाणार? दारं लावून कोळशाची शेगडी खाटेशी ठेवायची आपली जुनी सवय मात्र खरोखर जिवावर बेतू शकते, कारण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो.

पण काकी अगदीच चुकल्या असंही नाही. फेब्रुवारीत सासूबाईंच्या नडगीवर तपकिरी जाळीसारखे डाग उठले. मी घाबरले. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, “शेक घेता का रोज, जवळून?” पूर्वी चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या पायांवर असे डाग दिसायचे म्हणे. आता हीटर तीन फुटांवर आणि पायांवर सुती चादर. डाग फिके व्हायला पावसाळा उजाडला. घरात मधुमेही माणूस असेल, पायांना बधिरपणा असेल, तर जास्तच जपा. भाजलेलं कळत नाही.

खरं सांगायचं तर मी मनातून हा घेतला होता पावसासाठी. गुडघे हे निमित्त. जून ते सप्टेंबर आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, नुसते शिळे होतात. दोरीखाली हीटर लावला. समोरची बाजू कडक, मागची ओली, आणि एका टॉवेलला करपल्याचा तांबूस पट्टा. त्यातून उडालेलं पाणी जाणार कुठे? खोलीतच राहिलं. दोन आठवड्यांत लाकडी कपाटाच्या पाठीवर पांढरी बुरशी. हवेतलं पाणी ओढून टाकीत भरणारा डीह्युमिडिफायर हे निराळंच यंत्र; ते काम याच्याकडून होत नाही. शेवटी कपाटात सासूबाईंच्या पद्धतीने १५ वॅटचा बल्ब लावला, पैठणी वाचली. वर पहिल्या पावसाची पाखरं त्या लाल उजेडावर झडप घालतात आणि जळक्या वासाने घर भरतं. आणि पावसात लाईट गेली की सगळंच थांबतं. आमच्या छोट्या इन्व्हर्टरला हा झेपत नाही.

हॅलोजनचाही पाहिला होता. तापतो झटकन, पण उजेड इतका की नाटकाच्या रंगमंचावर झोपल्यासारखं वाटेल.

कुणी घ्यावा? कौलारू घर, म्हातारं माणूस, ठरलेली खुर्ची, असं असेल तर जरूर घ्या, आणि क्वार्ट्झचाच घ्या. पणजी-मडगावच्या फ्लॅटमध्ये एक जाड गोधडी पुरेल. कपडे वाळवायला तर घेऊच नका.

सध्या आमचा माळ्यावर आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. एक रॉड जुलैत गेला, नवा वाळपईतच शंभराच्या आसपास मिळाला. जाळीला गंज धरलाय, आणि मागचा पत्रा दमट हवेने काळवंडलाय. तो उजळवल्याशिवाय ऊब पुढे नीट फेकली जाणार नाही, म्हणून चवथीला समया घासायला काढू तेव्हा त्यालाही खाली उतरवणार आहे.