बेटावरचे जुने घर आणि भिंतीतली खोटी ओल

दूरच्या बेटावर जुने घर घेऊन, ते दुरुस्त करून तिथे कायमचे राहायला जाण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. आमची फसवणूक घराच्या खरेदीत झाली नाही. कागदपत्रे चोख होती आणि घर विकणारे कुटुंब सरळ होते. फसवणूक झाली ती दुरुस्तीच्या कामात, आणि ती करणाऱ्या कंत्राटदाराने दोनच गोष्टींचा आधार घेतला: समुद्राच्या मिठाचा आणि मुख्य भूमीपासूनच्या अंतराचा. या दोन गोष्टी प्रत्येक बेटावर असतातच, म्हणून हा प्रकार आमच्यापुरता आहे असे कोणी समजू नये.

घर जाड दगडी भिंतींचे, चुन्यात बांधलेले, लाकडी तुळयांचे आणि बरीच वर्षे बंद असलेले होते. भिंतींना कमरेच्या उंचीपर्यंत लोणा लागला होता, गिलाव्याचे पोपडे सुटत होते आणि खाली पांढरी भुकटी साचत होती. कंत्राटदार पाहणीला आला तेव्हा त्याने सोबत एका गृहस्थांना आणले आणि ‘ओल तपासणारे तज्ज्ञ’ अशी त्यांची ओळख करून दिली. त्यांच्याजवळ दोन टोकदार सुया असलेले, हातात मावणारे यंत्र होते. ते सुया गिलाव्यात रुतवत, आवाज होई, लाल दिवा लागे, आणि ते मान हलवून पुढच्या भिंतीकडे वळत. खालच्या भागात दिवा लागला, डोक्याच्या उंचीवर लागला, आणि ज्या मधल्या भिंतीला बाहेरची हवासुद्धा थेट लागत नाही तिथेही लागला. “भिंत आतून कुजली आहे. आत्ता रसायन टोचून घेतले नाही, तर छपरासकट खाली येईल,” असे त्यांनी सांगितले. जमिनीतले पाणी वर चढते आहे, जोत्याजवळ ओळीने भोके पाडून रसायन भरावे लागेल आणि वरून सगळीकडे सिमेंटचा गिलावा करावा लागेल, असा त्यांचा निर्वाळा होता, आणि अंदाजपत्रक त्याच दिवशी तयार होते.

हे यंत्र नेमके काय मोजते, हे प्रत्येक घरमालकाला माहीत असले पाहिजे. ते पाणी मोजत नाही. दोन सुयांमध्ये वीज किती सहज वाहते एवढेच ते मोजते, आणि त्यावरचे आकडे मुळात लाकडासाठी ठरवलेले असतात. भिंतीत मीठ असेल तर जराशा दमटपणातही वीज सहज वाहते, आणि यंत्र ओलीचा मोठा आकडा दाखवते. समुद्राकाठच्या घराच्या भिंतींवर खारा वारा वर्षानुवर्षे मीठ आणून टाकत असतो. शिवाय हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच ओले होते, आणि बेटावरची हवा कितीतरी दिवस त्याच्या वरच असते. म्हणजे जमिनीतून थेंबभर पाणी वर न चढताही भिंतीचा पृष्ठभाग ओलसर राहू शकतो. अशा घरात लाल दिवा लागणारच होता, आणि त्या गृहस्थांना ते पक्के ठाऊक होते. मधल्या भिंतीवर, तीही इतक्या उंचीवर, दिवा लागणे ही खरे तर त्यांच्याच निदानाविरुद्धची साक्ष होती.

खरी तपासणी करणे अवघड नाही. भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या खोलीवर ड्रिलने भोके पाडून निघणारी भुकटी घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायची, वजन करायचे, १०५ अंश सेल्सिअसला वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवायची आणि पुन्हा वजन करायचे. किती पाणी उडून गेले ते त्यातून थेट कळते. ओल जमिनीतून चढत असेल तर खालच्या भागात आणि भिंतीच्या गाभ्यात पाणी जास्त सापडते. मिठाने हवेतून ओढलेली ओल असेल तर ती मुख्यतः वरच्या थरात सापडते आणि गाभा त्या मानाने कोरडा असतो. पुढे एका स्वतंत्र अभियंत्याने आमच्या घरात हेच करून पाहिले. गाभा कोरडा होता. भिंतीच्या पायथ्याशी ज्या दोन जागी खरोखर पाणी मुरत होते, तिथे फुटलेली पन्हळ आणि बाहेर साचलेली माती एवढेच कारण निघाले.

तोपर्यंत रसायन टोचून झाले होते आणि वरून सिमेंटचा गिलावाही झाला होता. नंतर तो गिलावा उतरवला तेव्हा भोके बोटाच्या पहिल्या पेराइतकीच खोल असल्याचे दिसले. ती सांध्यांतल्या चुन्यात नव्हती, सरळ दगडात पाडलेली होती, आणि कित्येकांत रसायनाचा मागमूसही नसताना तोंडे तेवढी मसाल्याने नीटनेटकी बुजवलेली होती. या कामाची तीस वर्षांची छापील हमी आम्हाला मिळाली होती. हमी देणारी संस्था आम्ही पत्र पाठवण्यापूर्वीच बंद झाली होती. अशी हमी तिच्यावर सही करणारी संस्था चालू असेपर्यंतच कामाची असते. तिच्यामागे स्वतंत्र विमा आहे का, हे कागदावर शोधावे, आणि तसे लिहिलेले नसेल तर वर्षांच्या आकड्याला काही किंमत देऊ नये.

सिमेंटच्या गिलाव्याने झालेले नुकसान याहून मोठे होते. चुन्यात बांधलेली भिंत आत आलेले पाणी बाहेर सोडून सुकत असते. तिच्यावर सिमेंटचा दाट थर चढवला की ती वाट बंद होते, पाणी आत कोंडते, मीठ थराच्या मागे स्फटिक होऊन साचते आणि गिलाव्याला ढकलू लागते. पहिल्याच वादळी महिन्यांनंतर गिलावा ठोकला की पोकळ वाजू लागला. भिंतीत रुतलेली तुळयांची टोके त्याच कोंडलेल्या पाण्याने भिजली. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कुजवणाऱ्या बुरशीचा धोका सुरू होतो, आणि आमच्या दोन तुळयांची टोके स्क्रू-ड्रायव्हर सहज आत जाईल इतकी मऊ झाली होती. घर बंद होते त्या सगळ्या वर्षांत त्याच तुळया शाबूत राहिल्या होत्या, याचे मला अजून वाईट वाटते.

आम्ही चुन्याचा आग्रह धरला तेव्हा कंत्राटदाराने “समुद्राजवळ चुना टिकत नाही” असे ठासून सांगितले होते. हे सपशेल खोटे आहे. १७५६ मध्ये इंग्रज अभियंते जॉन स्मीटन यांनी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात असलेल्या एडिस्टन खडकावरच्या दीपगृहासाठी चुन्याचे प्रयोग केले आणि मातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना पाण्यातही घट्ट होतो हे दाखवून दिले. ते दीपगृह १७५९ मध्ये पुरे झाले आणि लाटांच्या माऱ्यात शतकाहून अधिक काळ उभे राहिले. पुढे ते हलवावे लागले ते खालचा खडक झिजू लागला म्हणून. चुन्याचे काम सावकाश होते, त्याला दिवसचे दिवस ओले राखावे लागते, आणि ज्याला लवकर बिल लावून निघायचे आहे त्याला ते परवडत नाही. खरे कारण एवढेच होते.

आता वाळूबद्दल. बिलात ‘धुतलेली नदीची वाळू, मालवाहू बोटीने’ असे लिहिलेले होते आणि तिच्या वाहतुकीची रक्कम वाळूच्या किमतीच्या कितीतरी पट होती. प्रत्यक्षात वाळू बेटाच्याच मागच्या किनाऱ्यावरून रात्री भरून आणलेली होती. नव्या गिलाव्याचा तुकडा फोडून उन्हात धरला तर त्यात शिंपल्यांचे चमकणारे कण स्पष्ट दिसत होते. या वाळूतले मीठ काँक्रीटमधल्या सळ्यांना गंजवते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटते. आमच्या दारावरच्या नव्या पट्टीला सळईच्या रेषेत सरळ तडा गेला तो त्यामुळेच. वाळूची परीक्षा घरीही होते: चमचाभर वाळू डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून, गाळून, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे काही थेंब टाकले की मीठ असल्यास पाणी लगेच पांढरे गढूळ होते. नळाचे पाणी वापरू नये, कारण त्यातही क्लोराइड असते.

बिजागऱ्या आणि स्क्रूंची कथाही तशीच. बिल ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे होते आणि माल ३०४ चा होता. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि खाऱ्या हवेत तेच उपयोगी पडते. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही. मॉलिब्डेनम ओळखणारे रसायन मिळते, त्याचा थेंब लावून पाहावा.

अंतराचा वापर त्याने याहूनही हुशारीने केला. आम्ही तेव्हा बेटावर राहत नव्हतो. “बोट उद्या पहाटे सुटते आहे, आज उचल मिळाली नाही तर माल धक्क्यावरच राहील,” असा निरोप येई आणि विचार करायला वेळ उरत नसे. कामाचे फोटो येत, पण ते इतक्या जवळून घेतलेले असत की ती कोणत्या खोलीची भिंत आहे हे सांगता येत नसे. एकाच भिंतीचे दोन बाजूंनी काढलेले फोटो दोन खोल्या म्हणून आम्हाला पाठवले गेले, आणि ते उघड झाले ते दोन्हींत दिसणाऱ्या एका वाकड्या खिळ्यामुळे. समुद्र खवळला म्हणून बोट खोळंबली, असे सांगून खोळंब्याचे भाडेही वेळोवेळी लावले गेले. पुढे हवामान खात्याच्या जुन्या नोंदी काढून त्या तारखा ताडून पाहिल्या. ज्या दिवशी वादळ होते असे बिल म्हणत होते, त्या दिवशी वारा ब्यूफोर्ट मापाच्या (वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या मापाच्या) तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटर होता. वादळाची आठवी पायरी ताशी ६२ किलोमीटरला सुरू होते.

मला सर्वात उपयोगी पडली ती बोटवाल्यांची वही. बेटावर येणारी प्रत्येक गोणी कोणत्या तरी धक्क्यावरून येते आणि तिथे तारीख, माल आणि वजन यांची नोंद होते. बोटवाल्यांनी वही पुढे ठेवली तेव्हा आमच्या नावावर दाखवलेल्या कित्येक फेऱ्या त्यात नव्हत्याच, आणि ज्या होत्या त्यांत इतरांचाही माल होता, तरी पूर्ण बोटीचे भाडे आमच्याकडून घेतले होते.

आम्ही राहायला आल्यावर कळले की शेजाऱ्यांना यातले बरेच ठाऊक होते. त्यांना मी दोष देत नाही. त्याच कंत्राटदाराच्या बोटीने त्यांचे गॅस सिलिंडर येतात, औषधे येतात, म्हातारी माणसे दवाखान्यात जातात, आणि बेटावर वैर घेऊन राहणे अवघड असते. पण आम्ही स्वतः चौकशी सुरू केली तेव्हा कोणीही काही लपवले नाही. एका वृद्ध गवंड्यांनी सकाळी येऊन न सांगता गिलाव्यावर टिचकी मारून दाखवली आणि पुढे चुन्याचे काम त्यांनीच केले. म्हणून माझे सांगणे असे आहे की काम सुरू करण्याआधी बेटावर शक्य तितके राहून पाहावे, निरनिराळ्या ऋतूंत राहावे, आणि कोणाच्या घराचे काम कोणी केले हे घरोघरी विचारावे. जो उपचार विकतो त्याच्याकडून निदान घेऊ नये. निदानासाठी वेगळी फी देऊन त्रयस्थ माणूस आणावा, त्याचा प्रवासखर्च महाग वाटला तरीही.

करारात आता आम्ही मालाचे पैसे माल धक्क्यावर उतरल्यावर, वहीतली नोंद आणि वाहतुकीची पावती पाहूनच देतो, आणि एकूण रकमेचा काही भाग एक पूर्ण पावसाळी हंगाम उलटेपर्यंत राखून ठेवतो. चांगल्या कारागिरांनी या अटीला कधी नकार दिलेला नाही.

ज्यांच्या घरात असे काम आधीच झाले आहे, त्यांनी रागाच्या भरात गिलावा उतरवू नये. आधी स्वतंत्र अभियंत्याला बोलावून, साक्षीदारांसमोर नमुने घेऊन ते मोहोरबंद करावेत, भोकांची खोली मोजपट्टीसह फोटोत घ्यावी, आणि प्रत्येक फोटोत ती घरातली कोणती खोली आहे हे ओळखू येईल अशी खिडकी किंवा दार दिसू द्यावे. आमची वाळूची आणि बोटभाड्याची रक्कम अशा पुराव्यामुळेच तडजोडीत परत मिळाली. रसायनाचे पैसे मिळाले नाहीत, कारण ज्या भिंतीचा गिलावा कामगारांनी आधीच उतरवून समुद्रात टाकला होता, तिथली भोके किती खोल होती हे सिद्ध करता आले नाही.