गिनी पिगची खरूज: स्प्रे, थेंब की इंजेक्शन?

गिनी पिगच्या माइट्सवर (केसांत-कातडीत राहणारे बारीक परजीवी) म्हणून दुकानात जे मिळतं, त्यातलं बरंचसं त्या माइट्सपर्यंत पोचतच नाही. स्प्रे, पावडर, शाम्पू, गळ्यातला पट्टा, या सगळ्यांचा परिणाम केसांवर आणि कातडीच्या वरवर होतो. ज्या माइटमुळे प्राणी खाजवून खाजवून रक्त काढतो तो ट्रिक्सॅकॅरस केव्हिए कातडीच्या आत बोगदे करून राहतो आणि तिथेच अंडी घालतो. त्याला मारायचं तर औषध कातडीच्या आत पोचावं लागतं. त्यामुळे या परीक्षणात प्रत्येक वस्तूला पहिला प्रश्न एकच विचारला आहे: औषध आतपर्यंत जातं का? दुसरा प्रश्न, एक किलोच्या आतबाहेरच्या जिवाला ते बिनचूक मापून देता येतं का?

आधी खात्री करा की दुखणं माइटचंच आहे. ट्रिक्सॅकॅरसमध्ये खांदे, पाठ, कुशी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस जातात, कातडी जाड होते, पिवळट खपल्या धरतात आणि हात लावला तरी प्राणी ओरडतो. खाज इतकी विकोपाला जाते की खाजवता खाजवता झटके येतात. अनेकांना ती फिट वाटते आणि उपचार भलत्याच दिशेने जातो. नाक, डोळे, कान यांच्याभोवती गोल, कोंड्यासारखे चट्टे असतील तर आधी बुरशीचा संशय घ्यावा. मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले असतील आणि खाज नसेल, तर अंडाशयातल्या गाठी तपासायला हव्यात. कानामागचा छोटा टकलाचा ठिपका मात्र सगळ्याच गिनी पिगना असतो, त्यासाठी धावपळ नको. व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण खोल बसलेला माइट खरवडीत सापडतोच असं नाही. म्हणून नमुना स्वच्छ आला तरी लक्षणं जुळत असतील तर उपचार सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

आता मुख्य वस्तू, सेलामेक्टिन या औषधाचा स्पॉट-ऑन, म्हणजे कातडीवर एकाच जागी सोडायचा द्रव. रिव्हॉल्यूशन आणि स्ट्राँगहोल्ड या नावांनी तो मिळतो. लेबल कुत्र्या-मांजरांचं आहे, गिनी पिगसाठी तो व्हेटच्या सल्ल्यानेच वापरायचा. नेहमीचा डोस किलोमागे 15 मिग्रॅ. मांजराच्या पिल्लांची छोटी नळी 6 टक्क्यांची असते, म्हणजे 1 मिलीत 60 मिग्रॅ. तिच्यात 0.25 मिली द्रव, म्हणजे बरोबर 15 मिग्रॅ औषध. 1 किलोच्या प्राण्याला ती पूर्ण नळी, 800 ग्रॅमच्याला 0.2 मिली, 600 ग्रॅमच्याला 0.15 मिली. हिशोब इतका सरळ बसतो की घरगुती वापरासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही.

घोळ होतो तो नळी निवडताना. लहान कुत्र्यांच्या नळीतही 0.25 मिलीच द्रव असतो, पण तो 12 टक्क्यांचा, म्हणजे 30 मिग्रॅ. आकारमान तेवढंच, औषध दुप्पट. म्हणून खोक्यावरचं चित्र आणि नळीचा आकार बघू नका, टक्केवारी वाचा. नावापुढे ‘प्लस’ लिहिलेली मांजरांची आवृत्तीही वेगळी: तिच्यात सेलामेक्टिनबरोबर सॅरोलॅनर हे दुसरं औषध मिसळलेलं असतं. आपल्याला ती नको.

लावायची पद्धत सोपी आहे, पण घाईची नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्राण्याचं वजन ग्रॅममध्ये घ्या. अंदाजाने सांगितलेलं वजन बहुतेक वेळा चुकतं. नळीतलं औषध 1 मिलीच्या, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये ओढून माप घ्या. मानेच्या मागे, जिथे त्याचं तोंड पोचत नाही तिथे, केस दुभंगून थेट कातडीवर सोडा. केसांवर सांडलेलं औषध वाया गेलं असं समजा. द्रवात अल्कोहोल असतं, त्यामुळे फुटलेल्या, ओल्या कातडीवर झोंबतं. शेजारची धड जागा शोधा. वाळेपर्यंत प्राण्यांना वेगवेगळं ठेवा, कारण एकमेकांना चाटायची त्यांना सवय असते. आधीचे आणि नंतरचे दोन दिवस आंघोळ नाही. उघडलेल्या नळीतलं उरलेलं औषध पुढच्या वेळेसाठी ठेवू नका: अल्कोहोल उडून जातं आणि आत राहिलेला द्रव लेबलापेक्षा तीव्र होतो.

एका डोसवर थांबायचं की नाही, हा खरा वादाचा मुद्दा. अंड्यांवर या औषधांचा भरवसा धरता येत नाही. त्यातून निघणाऱ्या पिल्लांना गाठायला पुढचा डोस लागतो. सेलामेक्टिन अंगात बराच काळ टिकतं, म्हणून तो 2 ते 4 आठवड्यांनी, व्हेट ठरवतील तसा. पहिल्या डोसनंतर आठवडाभरात खाज उतरताना दिसली की ‘झालं बरं’ म्हणून दुसरा टाळणारेच महिन्याभराने पुन्हा व्हेटच्या दारात उभे असतात. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत खाज थोडी वाढलेली वाटू शकते. केस परत यायला मात्र काही आठवडे जातात, तोपर्यंत टक्कल पाहून औषध वाढवू नका.

दुसरा पर्याय आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. औषध जुनं, खात्रीचं, आणि व्हेटच्या हातात असेपर्यंत उत्तम. डोस किलोमागे 0.2 ते 0.5 मिग्रॅ, 7 ते 14 दिवसांच्या अंतराने, बहुधा तीनदा. अडचण मापाची आहे. गुरांसाठी मिळणाऱ्या 1 टक्क्याच्या बाटलीत 1 मिलीला 10 मिग्रॅ औषध असतं. 1 किलोच्या गिनी पिगला 0.4 मिग्रॅ द्यायचं तर द्रव होतो 0.04 मिली. शून्य विसरून 0.4 मिली दिलं की दहापट. इन्सुलिनच्या सिरिंजने मोजायचं म्हटलं तरी तिच्यावरचा आकडा पाहावा लागतो: यू-100 सिरिंजवर 0.04 मिली म्हणजे 4 युनिट, पण यू-40 सिरिंजवर 4 युनिट म्हणजे 0.1 मिली, अडीचपट औषध. पाणी घालून पातळ करावं असं वाटेल, तर तेही जमत नाही. आयव्हरमेक्टिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे औषध बाहेर पडतं आणि मिश्रण सगळीकडे सारखं राहत नाही. जास्त झाल्याची चिन्हं: लाळ, सुस्ती, झोकांड्या, बाहुल्या मोठ्या होणं. यातलं काहीही दिसलं तर लगेच व्हेट. घरी बाटली आणून स्वतः टोचण्याच्या आम्ही साफ विरोधात आहोत.

घोड्यांच्या जंताची पेस्ट हा या औषधाचाच अवतार, 1.87 टक्क्यांचा. ‘तांदळाच्या दाण्याएवढी चाटवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. 0.4 मिग्रॅ औषध या पेस्टच्या सुमारे 0.02 ग्रॅममध्ये बसतं. तांदळाचे दाणे सगळे एका आकाराचे नसतात, आणि इतक्या कणभर पेस्टमध्ये औषध किती आलं हेही नक्की नसतं, कारण ट्यूब बनवली आहे ती पाचशे-सहाशे किलोच्या जनावराला गृहीत धरून. काही ट्यूबमध्ये प्राझिक्वांटेल हे जंतांचं दुसरं औषधही घातलेलं असतं. उपयोगी औषध, पण चुकीच्या डब्यात.

लहान प्राण्यांसाठी म्हणून विकले जाणारे आयव्हरमेक्टिनचे कातडीवरचे थेंब यापेक्षा बरे. तीव्रता कमी असल्याने चूक झाली तरी धोका कमी. पण कातडीतून औषध किती शोषलं जाईल याचा भरवसा नाही, आणि खपल्यांचा जाड थर असेल तर आणखीच कमी. हलक्या त्रासाला चालतील. झटके येणाऱ्या प्राण्यावर यांच्या भरवशावर वेळ घालवू नये. इमिडाक्लोप्रिड आणि मॉक्सिडेक्टिन एकत्र असलेला अ‍ॅडव्होकेट काही व्हेट वापरतात. उवाही असतील तर त्याचा फायदा होतो, कारण इमिडाक्लोप्रिड कीटकांवर काम करतं.

आणि स्प्रे? पायरेथ्रिन किंवा परमेथ्रिन या कीटकनाशकांचे स्प्रे केसांवर राहणाऱ्या कायरोडिस्कॉइड्स या माइटवर आणि उवांवर थोडंफार काम करतात. हा माइट बहुधा पाठीच्या मागच्या भागात केसाला चिकटलेला असतो, भिंगातून हलताना दिसतो आणि त्रासही कमी देतो. ट्रिक्सॅकॅरसवर स्प्रे म्हणजे पैसे पाण्यात, आणि वरून चाटून पोटात गेलेलं रसायन. फिप्रोनिल या कीटकनाशकाचे स्प्रे आणि थेंब सशांना प्राणघातक ठरतात. गिनी पिगवरही ते वापरू नयेत. कुत्र्याचा पट्टा कापून घालणं, टी ट्री तेल चोळणं, हे तर विचारातही नको. खोबरेल तेलाने खपल्या मऊ पडतात, माइट मरत नाहीत. गाभण मादीसाठी व्हेट कधी कधी लाइम सल्फरची (चुना आणि गंधकाच्या द्रावणाची) आंघोळ सुचवतात. परिणाम चांगला, वास सडक्या अंड्यांचा, आणि ओला प्राणी गारठणार नाही याची काळजी आपली.

औषधाबरोबर आणखी काय लागतं? खाजवून जखमा झाल्या असतील तर प्रतिजैविक लागेल, पण पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन देऊ नये. गिनी पिगच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू त्याने मरतात आणि जीवघेणे जुलाब लागतात. खाजेसाठी स्टेरॉइड दिलं तर प्रतिकारशक्ती खाली येते आणि माइट फोफावतात. झटके येत असतील तर ते थांबवण्याचं औषध व्हेट देतील. तोपर्यंत अंधारी, शांत जागा आणि कमीत कमी हाताळणी. गिनी पिगला क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही, रोज किलोमागे 10 मिग्रॅच्या आसपास ते खाण्यातून मिळायला हवं, आजारात त्याहून जास्त. पाण्यात टाकायच्या थेंबांवर विसंबू नका: उजेडात आणि पाण्यात ते लवकर निकामी होतं. ढोबळी मिरची चांगली.

एकत्र राहणाऱ्या सगळ्या प्राण्यांना एकाच दिवशी डोस द्यायचा, कोणी खाजवत नसला तरी. त्याच दिवशी अंथरूण टाकून द्यायचं, कापड 60 अंशांच्या पाण्यात धुवायचं, पिंजरा घासून पूर्ण वाळवायचा आणि लाकडी घरटी काढून टाकायची, कारण त्यांच्या फटी साफ होत नाहीत. प्रत्येक डोसला हेच पुन्हा.

प्रतिबंधासाठी दर महिन्याला थेंब टाकत राहण्याचं कारण आम्हाला दिसत नाही. निरोगी प्राण्यावर लक्षणं नसताना माइट असू शकतात आणि आजारपण, गाभणपण किंवा ताण आला की ते वर येतात. तेव्हा औषधापेक्षा आठवड्याचं वजन आणि केस दुभंगून पाहणं जास्त उपयोगी. नवा प्राणी आणला की तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह, आणि रोज त्याचं काम सगळ्यात शेवटी.

हाताळणाऱ्यांच्या हातावर, पोटावर बारीक खाजरे पुरळ उठू शकतात. हा माइट माणसावर वाढत नाही, प्राणी बरा झाला की पुरळही जातात. तरी उरले तर त्वचेच्या डॉक्टरांना घरात गिनी पिग आहे हे आवर्जून सांगा.