कुठलं पॅकिंग बदललं, ते बिलावर लिहून घ्या

आमच्या गाडीला चार सिलिंडर आहेत. इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्या वरचा भाग, म्हणजे हेड, यांच्या मध्ये जे हेड पॅकिंग बसतं, त्याला प्रत्येक सिलिंडरसाठी एक मोठं भोक असतं. 'हे बघा तुमचं फाटलेलं हेड पॅकिंग' म्हणून गॅरेजवाल्यानं जे दाखवलं, त्याला मोठी भोकं तीनच होती. बाबांनी फोटो काढला होता, पण भोकं मोजली ती तीन आठवड्यांनी.

एप्रिलमध्ये सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टकटक आवाज यायचा आणि इंजिन तापलं की कमी व्हायचा. रामटेकहून परत येताना आईचं डोकं ठणकत होतं. नागपूरचं ऊन, दुसरं काय, असं आम्ही धरून चाललो. घराजवळच्या गॅरेजवाल्यानं आवाज ऐकला आणि म्हणाला, "भाऊ, हेड पॅकिंग गेलं. इंजिन खोला लागते." १६,८०० रुपये घेतले. बिलावर फक्त 'पॅकिंग व मजुरी'.

तीन आठवड्यांत टकटक परत सुरू झाली. मग ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी बिल मागितलं. "यात कूलंट कुठे आहे? ऑइल कुठे आहे?" हेड उतरवायचं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, काढून परत भरावंच लागतं. आमच्या हेड कव्हरच्या बोल्टांवर तर जुन्या तेलकट धुळीचा थर तसाच होता, पाना लागल्याची खूणही नव्हती.

बिघाड होता एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगचा. मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांमधला धूर सायलेन्सरकडे नेणारा नळ्यांचा भाग; तो आणि हेड यांच्या मध्ये हे पॅकिंग बसतं. ते फुटलं की जळालेला गॅस फटीतून सुटतो, म्हणून टकटक. लोखंड तापून फुगलं की फट मिटते, आवाज दबतो. जोडावर काजळीचा काळा फराटा दिसतो. आमच्या जोडावर तो होताच, वर लाल सिलिकॉन फासलेलं, तेही जळालेलं. हेड पॅकिंग गेलं तर लक्षणं वेगळी असतात: कूलंट कमी होणं, पांढरा धूर, इंजिन प्रमाणाबाहेर तापणं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. दोन्हींना गॅरेजमध्ये 'पॅकिंग'च म्हणतात, तिथेच आम्ही फसलो.

मिस्त्रींनी गंजलेल्या नटांवर तेल सोडून रात्रभर ठेवलं, दोन्ही पृष्ठभाग घासून पट्टी लावून सपाट आहेत का पाहिले, नवीन पॅकिंग बसवलं आणि नट मधून बाहेरच्या बाजूला टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरावीक जोर लावणाऱ्या पान्यानं, कसले. सगळे मिळून २,३०० रुपये.

पैशांपेक्षा मला आईच्या डोकेदुखीचा राग आहे. त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. गाडीत तो शिरत असेल तर कळणार कसं? दुरुस्तीनंतर तिचं डोकं प्रवासात दुखलेलं नाही. तुमच्या गाडीत टकटक आणि डोकेदुखी एकत्र असेल तर काचा उघडा, दाखवायला उशीर करू नका, आणि जुना भाग घरी घेऊन या.

आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. सोबत ते कूलंट नसलेलं बिल आणि तीन भोकांचा फोटो जोडला आहे.